मन म्हणजे निव्वळ रसायन का?

प्रश्न : मन म्हणजे मेंदू, मेंदू म्हणजे पेशी, पेशी म्हणजे रेणू. शेवटी सगळं भौतिकशास्त्रच असेल, तर मुलांनी मानसशास्त्र शिकायचं कशाला?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : तुमच्या साखळीत दोन दावे मिसळले आहेत. मन रेणूंखेरीज कशाचंही बनलेलं नाही, हा पहिला. तो आम्हाला मान्य आहे. रेणूंचे नियम कळले की मनाचे नियम त्यांतून निघतीलच, हा दुसरा. तो पहिल्याच्या पाठोपाठ आपोआप येत नाही. वरच्या पातळीचं सगळं खालच्या पातळीच्या नियमांतून काढता येतं, हे मत म्हणजे रिडक्शनिझम; त्याचा खरा वाद या दुसऱ्या दाव्याचा आहे.

तत्त्वज्ञ अर्नेस्ट नेगेल यांनी १९६१ मध्ये त्याची अट मांडली : वरच्या शास्त्रातली (समजा, मानसशास्त्रातली) संज्ञा खालच्या शास्त्राशी (समजा, भौतिकशास्त्राशी) जोडणारा सेतुनियम द्या, मग वरचा नियम खालच्यातून काढून दाखवा.

कधी कधी खालची पातळी उत्तम काम करते. गुळाचा रवा घट्ट का बसत नाही? ऊस तोडून दोन-तीन दिवस पडला किंवा रस आंबूस राहिला, की सुक्रोज फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. त्यांचे स्फटिक सहज बनत नाहीत, ती हवेतली ओल ओढतात. म्हणून गुळव्या काहिलीत चुन्याची निवळी घालतो. ती जास्त झाली तर गूळ काळपट पडतो. इथे कारणही रसायनाचं, उपायही रसायनाचाच.

तोच गूळ कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात सौद्याला गेला की चित्र बदलतं. पैसे नोटांनी दिले, चेकने दिले की फोनवरून पाठवले, व्यवहार एकच. पण या तिन्हींत रेणूंच्या पातळीवर सामाईक काही नाही, मग सेतुनियम कशाशी जोडणार? तत्त्वज्ञ जेरी फोडर यांनी १९७४ मध्ये पैशाच्याच उदाहरणाने हे दाखवलं. हिलरी पटनम यांनी १९६७ मध्ये वेदनेबद्दल तेच म्हटलं होतं : ऑक्टोपसचा मेंदू माणसाच्या मेंदूपेक्षा अगदी वेगळा, तरी त्याला वेदना होत असेल, तर वेदना म्हणजे माणसाच्या मेंदूतली अमुक एक अवस्था असं म्हणता येत नाही.

यावर जेगवॉन किम यांचा आक्षेप सर्वांत कठीण. हात हलायला मज्जापेशींची अवस्था पुरेशी असेल, तर विचाराला काम उरलं कुठे? आमच्या मते याची तपासणी दोन्ही बाजूंनी करावी. 'उद्या सौदे बंद' हे शेतकऱ्याने वाचलं काय नि ऐकलं काय, मेंदूत शिरणारे संकेत वेगळे, तरी तो गाडी भरायची थांबतोच. उलट, त्याच आवाजात त्याच फोनवर 'सौदे सुरू' असं ऐकलं तर गाडी निघते. खालचा तपशील बदलून फरक पडत नाही, समजूत बदलली की पडतो. म्हणजे कारण समजुतीच्या पातळीवरच सांगायला हवं. मानसशास्त्र याच पातळीवर प्रयोग करतं, म्हणून ते शिकायचं.

मात्र वेदना आतून जशी जाणवते तशी का जाणवते, याला ही तपासणी पुरत नाही. जोसेफ लिव्हाइन यांनी १९८३ मध्ये याला स्पष्टीकरणातली दरी म्हटलं. ती दरी रिडक्शनिझमला भरता आलेली नाही, आणि त्याच्या विरोधकांनाही नाही.