सी कोडमध्ये सर्टिफिकेटमधून पब्लिक की कशी काढायची?

फर्मागुडीच्या कॉलेज प्रोजेक्टसाठी सीआरटी फाइलमधून (सर्टिफिकेटची फाइल) पब्लिक की, म्हणजे सर्वांना देता येणारी की, हवी, पण फाइल वाचतानाच नल (रिकामं उत्तर) मिळतो, असं तुम्ही लिहिलंय. आधी फाइल नोटपॅडमध्ये उघडा. 'बिगिन सर्टिफिकेट' अशी ओळ दिसली तर ती पेम, म्हणजे मजकुराच्या रूपातली फाइल. तिथे ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीचं पेम_रीड_एक्स५०९ हे फंक्शन वापरा. वाचता न येणारी अक्षरं दिसली तर बहुधा डेर, म्हणजे बायनरी फाइल, तिथे डी२आय_एक्स५०९_एफपी. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं.

पुढे एक्स५०९_गेट_पबकी की देतं, पेम_राइट_पबकी ती फाइलमध्ये उतरवतं. काम झाल्यावर ती की ईव्हीपी_पीकी_फ्रीने मोकळी कराच, नाहीतर मेमरी गळत राहते. मात्र एक्स५०९_गेट०_पबकी वापरलंत तर ती की सर्टिफिकेटच्याच मालकीची. तिला अजिबात फ्री करू नका, प्रोग्रॅम कोसळू शकतो. आणि की मिळाली म्हणून सर्टिफिकेट खरं ठरत नाही, ते एक्स५०९_व्हेरिफाय_सर्टने वेगळं तपासा.