ऑफिसात झाडं ठेवल्याने कामात खरंच फरक पडतो का?

तुमची कंपनी कुंड्यांवर खर्च करतेय आणि हा नुसता देखावा तर नाही, असं तुम्ही विचारलंय. कुंड्यांबद्दल मला शंकाच आहे. खिडकीबद्दल मात्र नाही.

मी पणजीत पाटो भागातल्या एका ऑफिसात अकाउंट्समध्ये आहे. आधी माझं टेबल खाडीकडच्या खिडकीला होतं. ओहोटीला चिखल उघडा पडायचा, खारफुटीवर खंड्या येऊन बसायचा. व्हाउचर तपासून डोळे जड झाले की दोन मिनिटं तिकडे बघायचं, की परत आकडे. मग नूतनीकरण झालं. खिडक्या कॅबिनांना गेल्या, आमच्या वाट्याला पार्टिशन आणि माणशी एक मनी प्लांट. माझा तर एसीत पिवळाच पडला. त्या मार्चला बँकेचा मेळ लागेना. फरक ९० रुपये. ९ ने भाग जातो म्हणजे बहुधा आकडे उलटे पडलेत, हे आमच्या धंद्यात कुणीही सांगेल. तरी शोधायला दीड दिवस गेला. ५,४३० चे ५,३४० मीच केले होते.

खिडकी गेली म्हणून चूक झाली, असं मी शपथेवर सांगणार नाही. पण २००८ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला होता. त्याच माणसांना एकदा झाडांमधून फिरवलं, एकदा शहरातल्या रस्त्यांवरून, आणि दर वेळी मग आकडे उलट्या क्रमाने म्हणायला लावले. झाडांतून आल्यावर ते जास्त जमलं, थंडीत कुडकुडत फिरलेल्यांनासुद्धा! संशोधक रॉजर उलरिच यांचा १९८४ चा अभ्यास याहून प्रसिद्ध आहे: पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनाशामकंही कमी कडक लागली. ते रुग्ण होते, कर्मचारी नव्हेत, हे खरं. पण दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसणाऱ्याला त्यातलं मर्म कळतं.

कंपन्यांना कुंडी सोयीची, कारण ती एकदाच विकत घेता येते आणि फोटोत दिसते. बाहेर फिरायला मात्र वीस मिनिटं रोज द्यावी लागतात.

आम्ही तिघं हल्ली जेवण झालं की खाडीच्या कडेने चक्कर मारतो, पावसात छत्री घेऊन. पहिल्या आठवड्यात साहेबांनी हटकलं. मी म्हटलं, सिगारेटवाले दिवसातून चार वेळा खाली जातात, त्यांना कधी विचारलंत? साहेब गप्प. ते स्वतः त्यांतलेच.