खाण बंद झाल्यावर घरे कोणाकडे गेली?

अमेरिकेच्या नैऋत्य भागातील ओस पडून पुन्हा वसलेली खाणगावे पाहण्याचा आपला बेत आहे, आणि त्यांत अस्सल किती व पर्यटकांसाठी मांडलेला देखावा किती, हे आधीच कसे ओळखावे, असे आपण विचारले आहे. मी प्रत्येक गावाबाबत एकच गोष्ट आधी शोधतो: खाण बंद झाली त्या दिवशी घरे आणि जमीन कोणाच्या मालकीची होती व पुढे ती कोणाच्या हाती गेली. गावाचे आजचे रूप बहुतांशी त्यावरच ठरलेले असते.

ॲरिझोनातील जेरोम हे याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. क्लिओपात्रा टेकडीच्या उतारावर, सुमारे ५,००० फुटांवर वसलेल्या या तांब्याच्या गावातील खाण १९५३ मध्ये बंद झाली आणि हजारोंची वस्ती शंभराच्याही खाली आली. कंपनी रिकाम्या इमारती पाडू लागलेली असताना मागे राहिलेल्या मोजक्या रहिवाशांनी त्याच वर्षी स्थानिक इतिहास संस्था स्थापन केली आणि मुख्य रस्त्यावरील इमारती एकेक करून ताब्यात घेतल्या. साठ-सत्तरच्या दशकांत स्वस्त घरांच्या शोधात आलेल्या चित्रकारांना आणि कारागिरांना छप्पर मिळाले ते यामुळेच. आज तेथे साडेचारशेच्या आसपास लोक राहतात. गॅलऱ्या पुष्कळ आहेत. त्यांतील काहींमध्ये कुठेही मिळतील अशाच वस्तू असतात, हे मान्य करावे लागेल. परंतु आपण सुरुवात गॅलऱ्यांपासून करू नये. खाणमालक डग्लस कुटुंबाचा १९१६ सालचा वाडा आता राज्याचे संग्रहालय आहे, आणि तेथे गावाखालील बोगद्यांची जी त्रिमितीय प्रतिकृती ठेवलेली आहे ती आधी पाहावी. डोंगर आतून किती पोखरला गेला आहे हे तिच्यावरून समजले, की मूळ जागेपासून सुमारे २२५ फूट खाली घसरलेला गावचा तुरुंग ही केवळ गमतीची गोष्ट राहत नाही. जवळच ऑड्री शाफ्टच्या तोंडावर काच बसवलेली असून तिच्यावर उभे राहून १,९०० फूट खोल उभ्या खाणीत डोकावता येते. उंचीची भीती असणाऱ्यांनी मात्र बाजूनेच पाहावे.

न्यू मेक्सिकोतील माद्रिदची गोष्ट वेगळी आहे. तेथे कोळशाच्या कंपनीचे संपूर्ण गाव एकाच मालकाकडे होते. १९५४ मध्ये ते अडीच लाख डॉलरला विकण्याची जाहिरात वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये देण्यात आली, पण ग्राहक मिळाला नाही. अखेर सत्तरच्या दशकात मालकाच्या मुलाने घरे सुटी सुटी करून भाड्याने दिली आणि विकली, आणि ती घेणारे बहुतेक कलाकार व कारागीर होते. म्हणून तेथील दुकाने कामगारांच्या जुन्या लाकडी घरांतच आहेत आणि पुष्कळदा वस्तू विकणारा माणूसच ती घडवणारा असतो. खरेदी करायचीच असेल, तर माझ्या मते ती येथे करावी.

बिस्बीला ओस गाव म्हणणे खरे तर चूक आहे. ॲरिझोनाच्या दक्षिण टोकाचे हे गाव परगण्याचे मुख्य ठिकाण असल्यामुळे खाणी थांबल्यावरही कचेऱ्या चालू राहिल्या. घरांचे भाव तेवढे कोसळले आणि कलाकारांना ते सोयीचे झाले. क्वीन खाण १९७५ मध्ये बंद पडली आणि पुढच्याच वर्षी लोकांना दाखवण्यासाठी उघडली गेली. छोट्या गाडीत बसून आत जाताना जाड कपडे न्यावेत, कारण बाहेर कितीही ऊन असले तरी आतील तापमान ८ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. येथेच जुलै १९१७ मध्ये संपावर गेलेल्या कामगारांसह सुमारे १,३०० जणांना बंदुकीच्या धाकाने गुरांच्या डब्यांत भरून न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात सोडण्यात आले होते. गावातील आजच्या रंगीत पायऱ्यांमध्ये हा इतिहास सहज दिसत नाही. तो संग्रहालयात जाऊन वाचावा लागतो.

याउलट कॅलिफोर्नियातील कॅलिको १९५१ मध्ये एका उद्योजकाने विकत घेऊन बरेचसे नव्याने बांधले. मुले सोबत असतील तर तेथे जरूर जावे, पण जुने काही पाहण्याच्या अपेक्षेने जाऊ नये. कॅलिफोर्नियातीलच बोडी हे दुसरे टोक आहे: १९६२ पासून ते राज्याच्या ताब्यात असून तेथील इमारती नव्यासारख्या करायच्या नाहीत आणि आणखी ढासळूही द्यायच्या नाहीत, असे धोरण आहे. तेथे कोणी कलाकार राहत नाही, खाण्यापिण्याची सोय नाही, आणि हिवाळ्यात बर्फामुळे रस्ता बंद होतो.

गावाबाहेर दिसणाऱ्या उघड्या बोगद्यांत पाऊलही टाकू नये. आतील हवेत प्राणवायू अपुरा असू शकतो आणि माणसाला ते कळण्याआधीच शुद्ध हरपते. शिवाय लाकडी टेकू कुजलेले असतात आणि जुनी सुरुंगाची दारूही पडून असू शकते. बंद झोपड्यांतील धूळ उडवू नये, कारण त्या भागात उंदरांच्या विष्ठेतून हंता विषाणूचा संसर्ग होतो. गंजलेला खिळाही उचलू नये. बोडीत तर तो गुन्हाच ठरतो. जेरोम आणि माद्रिदमधील पडकी वाटणारी घरे अनेकदा राहती असतात, तेव्हा अंगणात शिरून छायाचित्रे काढणे टाळावे.

तीन दिवस हाती असतील तर मी दोन रात्री बिस्बीत आणि एक जेरोममध्ये काढण्याचे सुचवेन, आणि तेही शनिवार-रविवार सोडून. दिवसाचे पर्यटक संध्याकाळी परतले की दुकानदारांना बोलायला सवड मिळते, आणि या गावांची माहिती फलकांपेक्षा त्यांच्याकडूनच अधिक कळते. माद्रिद सांता फे आणि आल्बुकर्कीच्या मधल्या रस्त्यावरच असल्यामुळे त्यासाठी निराळा मुक्काम नको; बोडी मात्र या वाटेवर कुठेच बसत नाही, तिच्यासाठी उन्हाळ्यातील स्वतंत्र प्रवासच आखावा.