वेठीस कोण कुणाला धरतं?

जालन्याच्या एका वाचकाचा प्रश्न आहे: "कमी मजुरीला सरसकट 'शोषण' म्हणता येतं का? जिथं सगळ्यांनाच थोडं मिळतं, त्या देशातही हा शब्द लागू पडतो का?"

शोषणावर फार वेळ घालवत नाही. शुष् म्हणजे सुकणं. घशाला पडतो तो शोष, मोरीच्या पाण्याला करतो तो शोषखड्डा. पुस्तकी शब्द आहे. बोलण्यातला शब्द पिळवणूक. पिळणं आलं 'पीड्'वरून, म्हणजे दाबून रस काढणं. पण या प्रश्नाचा खरा शब्द तिसराच आहे, वेठ. आणि त्याचे सध्या जे हाल चाललेत ते बघवत नाहीत.

एसटीचा संप झाला की मथळा ठरलेला: 'कर्मचाऱ्यांनी प्रवाशांना वेठीस धरलं.' अहो, वेठीस धरणं म्हणजे माणसाला बळजबरीनं नेऊन फुकट राबवून घेणं. प्रवाशांना कुणी राबवलं? ज्याच्या पणजोबाच्या डोक्यावर साहेबाचं सामान देऊन पुढच्या गावापर्यंत पिटाळलं, त्याच्या पणतूनं काम थांबवलं तर तोच शब्द त्याच्या तोंडावर मारायचा?

वेठ आली 'विष्टि'वरून. मुष्टीची मूठ, दृष्टीची दीठ, तशी विष्टीची वेठ. इ-चा ए कसा, असं विचाराल, तर बिल्वाचा बेल झालाच ना? काही मंडळी वेठ 'वेढ्या'शी, म्हणजे वेष्ट् धातूशी जोडतात. मला हे अजिबात मान्य नाही. वेष्ट्-चं मराठीत वेढणं झालं, तिथं ढ आला. त्याच धातूतून ठ-ही काढायचा असेल तर आधार दाखवा. विष्टीला आधार दगडावर कोरलेला आहे. जुनागडच्या शिलालेखात, इसवी सन 150च्या सुमारास, क्षत्रप राजा रुद्रदामन सांगतो की सुदर्शन तलावाचा फुटलेला बांध आपण कर, विष्टि आणि प्रणय (म्हणजे गोड बोलून उकळलेली वर्गणी) यांनी प्रजेला 'अपीडयित्वा', न पिडता, बांधला. विष्टि आणि पीड् शेजारीशेजारी! आपली वेठ आणि आपली पिळवणूक, दोघींचे पूर्वज एकाच वाक्यात. मी हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री झोपलो नाही.

तेलुगूत हीच 'वेट्टी'. 1948 पर्यंत मराठवाडा आणि तेलंगणा एकाच निजामी राज्यात होते, त्यामुळे वेट्टी नि वेठ शेजारीच नांदल्या. फारसी 'बेगार' येऊन चिकटली आणि वेठबिगार झाली; दोन्ही तुकड्यांचा अर्थ एकच, बाजारहाटासारखा. ही बेगार घटनेच्या इंग्रजी पाठातही, कलम 23मध्ये, जशीच्या तशी बसली आहे.

आता मजुरी. मजूर आला फारसी 'मुज्द'वरून, म्हणजे मोबदला. मोबदला थोडा असेल तर ती थोडी मजुरी. वेठ ठरते ती सुटता येतं का यावर. दिवाळीनंतर आमच्या धारूरकडच्या गावात ऊसतोडीला निघण्यासाठी ट्रॅक्टरवर बिऱ्हाड चढवणाऱ्या मावशींना विचारलं, यंदा राहा की घरी. त्या पातेल्यात पातेलं घालत म्हणाल्या, "अंगावर उचल हाय बाबा, जावंच लागतंय." उचल म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे. नवराबायको मिळून एक कोयता, खाडा पडला की दंड, आणि हंगाम संपून उचल फिटली नाही तर पुढच्या सालाला तोच मुकादम. टनाचा भाव वाढला तरी 'अंगावर' हा शब्द हलत नाही. आखातात गेलेल्या पोराला गावच्यापेक्षा कितीतरी जास्त मिळतं, पण पासपोर्ट मालकाच्या कपाटात असेल तर तीही वेठच. देश कुठला याला महत्त्व नाही.

राहिला 'कमी'चा भाग. दिल्लीच्या एशियाडच्या, म्हणजे आशियाई क्रीडास्पर्धांच्या, बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1982 साली सांगितलं की किमान वेतनाहून कमी देऊन काम करून घेणं ही सक्तीची मजुरीच, कारण भुकेची सक्ती हीसुद्धा सक्तीच. तेव्हा आपल्याकडे तरी त्या रेषेखालच्या मजुरीला बेधडक वेठ म्हणा.