'झुपा'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: मध्ययुगीन सर्बियावरच्या इंग्रजी मजकुरात 'फ्रंटियर काउंटी' आलंय, मूळ सर्बियन शब्द 'झुपा'. मराठीत 'सीमावर्ती जिल्हा' चालेल का?

माझं मत, नको. जिल्हा म्हटला की कलेक्टर कचेरी आणि नकाशावरची आखीव हद्द डोळ्यांपुढे येते. झुपा म्हणजे साधारणपणे डोंगरांमधलं एखादं खोरं, त्यातली गावं आणि त्यांच्यावरचा झुपान. इबार, तोप्लित्सा, रासिना ही नद्यांची नावं, तीच झुपांचीही. 'परगणा' बराच जवळचा वाटतो. झुपानाला मात्र 'देशमुख' करू नये. देशमुख किती मोठा झाला तरी वतनदार. इकडे स्तेफान नेमान्या ११६६च्या सुमारास सत्तेवर आला तो 'वेलिकी झुपान', म्हणजे थोरला झुपान म्हणून, आणि त्याच्या मुलाने १२१७मध्ये राजमुकुट घातला. तेव्हा 'झुपान' तसाच ठेवावा.

सरहद्दीवरच्या परगण्याचं उत्तम उदाहरण म्हणजे दुबोचित्सा, आजच्या लेस्कोवात्सच्या आसपासचा मुलूख. नेमान्या अजून थोरला झुपान झाला नव्हता, भावांपैकी एक होता, तेव्हा बायझंटाईन सम्राट मान्युएल त्याला निश इथे भेटला आणि दुबोचित्सा देऊन टाकली. नेमान्याच्या मुलानेच लिहिलेल्या चरित्रात हे आलंय. सरहद्द अशी सरकायची, अख्ख्या परगण्यासकट! पुढे नेमान्याने तोप्लित्सेत मठ बांधले, ते आपल्याला न विचारता बांधले म्हणून थोरला भाऊ तिहोमिर बिथरला. पांतिनोच्या लढाईत नेमान्या जिंकला आणि तिहोमिर सित्नित्सा नदीत बुडाला.

आता 'सीमावर्ती'कडे. सर्बियनमध्ये त्यासाठी वेगळाच शब्द आहे, 'क्रायिश्ते'. 'क्राय' म्हणजे कड, शेवट. 'क्रायिना' त्यातलाच. सर्बियाचा सम्राट दुशान याच्या १३४९च्या कायद्यात या मुलखाच्या सरदारांवर खास जबाबदारी टाकली आहे: परकी फौज त्यांच्या मुलखातून आत आली, लूट करून त्याच वाटेने परत गेली, तर नुकसान त्या सरदारांनी भरायचं. म्हणजे क्रायिश्ते ही केवळ कडेची जागा नव्हती, अंगावर घेतलेली राखण होती. म्हणून नुसत्या कडेच्या झुपेला 'सरहद्दीवरचा परगणा' म्हणावं आणि मुळात क्रायिश्ते असेल तिथे 'सरहद्दीची राखण असलेला मुलूख' असं फोडून सांगावं.

मजकूर आजचा असेल तर जपून. क्रोएशियात 'झुपा' म्हणजे एका चर्चच्या देखरेखीखालचा भाग, इंग्रजीतलं 'पॅरिश', तिथला पाद्री 'झुपनिक', आणि प्रशासकीय जिल्हा 'झुपानिया'. तिथे 'जिल्हा' खुशाल लिहा. सर्बियात आज अलेक्सांद्रोवात्सची झुपा प्रसिद्ध आहे ती द्राक्षमळ्यांसाठी.