डावा हात कोपराखाली नसेल तर मुलीने कोणते वाद्य शिकावे?

आपल्या दहा वर्षांच्या मुलीचा डावा हात जन्मतः कोपराच्या थोडा खालीच संपतो, तिला वाद्य शिकायचे आहे, तर कोणते निवडावे आणि त्याआधी कृत्रिम हात बसवून घ्यावा का, असे आपण विचारले आहे. मी नागपुरात महाल भागात पेटी (हार्मोनियम) शिकवतो, त्यामुळे माझे मत थोडे पेटीकडे झुकलेले असणार, हे आधीच सांगतो.

वाद्य ठरवण्यापूर्वी त्यावर दोन हातांत कामाची वाटणी कशी आहे, हे पाहावे. बासरीची छिद्रे झाकायला दोन्ही हातांची बोटे लागतात आणि सतारीवर मींड, म्हणजे तार ओढून एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद जाणे, डाव्या हाताच्या बोटांनीच घ्यावी लागते, म्हणून ही वाद्ये मी सुचवणार नाही. पेटीवर मात्र सुरांचे सगळे नाजूक काम उजव्या हाताकडे असते आणि डाव्याकडे केवळ भाता. भात्याच्या फळीला नवारीचा रुंद पट्टा दोन स्क्रूंनी पक्का करावा, त्यात कोपराखालचा भाग सरकवावा आणि भात्याची डावी कड अंगाजवळ येईल अशी पेटी थोडी तिरकी ठेवावी. म्हणजे दाबणे आणि ओढणे दोन्ही खांद्याच्या हालचालीने जमते. पट्टा फार आवळू नये, हात सहज निघाला पाहिजे. हेही कठीण गेले तर पायपेटीचा विचार करावा. संगीत नाटकांच्या साथीला पायाने भाता चालवायचे ऑर्गन असतच, तेव्हा आपल्याकडे ही रीत नवी नाही. विजेच्या कीबोर्डवर भात्याचा प्रश्नच उरत नाही, परंतु भात्याने सुराला जो श्वास मिळतो तो तिथे मिळत नाही, म्हणून तो मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो.

तालाची आवड असेल तर खंजिरी घ्यावी. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळे विदर्भात हे वाद्य घरोघरी माहीत आहे. एरवी ती एका हातात धरून दुसऱ्याने वाजवतात, पण स्टँडवर बसवली की उजवा हात पुरतो.

व्हायोलिनचा हट्ट असेल तर तोही अशक्य नाही. कॅनडाचे व्हायोलिनवादक एड्रियन अनंतवान यांना जन्मतः उजव्या हाताचा पुढचा भाग नाही. ते त्या हाताला जोडलेल्या साधनात गज धरून व्हायोलिन वाजवतात. आपल्या मुलीचा डावा हात नसल्यामुळे तिला तारा उजव्या हाताने दाबाव्या लागतील, म्हणून उलट्या मांडणीचे व्हायोलिन लागेल, आणि त्यासाठी केवळ तारांचा क्रम बदलून भागत नाही, आतील आधाराची काडी आणि पट्टीही दुसऱ्या बाजूला न्यावी लागते. हे खर्चिक काम आहे. जर्मनीचे फेलिक्स क्लीझर तर दोन्ही हात नसताना डाव्या पायाच्या बोटांनी फ्रेंच हॉर्न या फुंकून वाजवायच्या पितळी वाद्याच्या कळा दाबतात.

कृत्रिम हाताची घाई करू नये. दिसण्यासाठी बनवलेल्या हाताला स्पर्श कळत नाही, उलट उघड्या हाताला भात्याचा दाब नेमका कळतो, त्यामुळे लहान मुले पुष्कळदा त्याच्याविनाच चांगली वाजवतात. पुढे साधन करायचेच ठरले तर तंत्रज्ञाकडे जाताना पेटी सोबत न्यावी आणि मुलीला त्याच्यासमोर वाजवायला लावावे. नागपूरच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात पट्ट्याखाली घाम साचून कातडी सोलवटते, म्हणून आत सुती अस्तर लावावे, रियाज सकाळी ठेवावा आणि पट्टा काढल्यावर लाली बराच वेळ राहिली तर त्या दिवशी पुन्हा बांधू नये.