ओरडलं तरी माझ्याच मांडीवर येते

प्रश्न: मुलगी साडेतीन वर्षांची आहे, भिंतीवर पेनने रेघोट्या मारल्या म्हणून मी ओरडले की रडते आणि पाच मिनिटांत माझ्याच मांडीवर येऊन बसते, माझा राग मात्र संध्याकाळपर्यंत जात नाही. ती विसरते का?
– एक आई, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर: अगं, विसरत नाही ती. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी हेच मांडलं की घाबरलेलं मूल आपल्या हक्काच्या माणसाकडेच धावतं, मग ओरडणारी आईच का असेना. मला तर वाटतं हे आपण मोठ्यांनी तिच्याकडून शिकायलाच हवं, आपल्याकडे नवरा-बायकोचा अबोला दोन-दोन दिवस चालतो, आधी कोण बोलणार यावर अडून बसतो आणि ही पोर कसलाही हिशेब न मांडता सरळ गळ्यात पडते. तेव्हा ती आली की तोंड फुगवून राहू नकोस. 1970च्या दशकात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांच्या प्रयोगात आईने काही मिनिटं चेहरा नुसता कोरा ठेवला तरी बाळं आधी हसून, हात पुढे करून बघायची आणि मग कासावीस व्हायची. म्हणून जवळ घे, 'भिंतीवर नाही, कागदावर काढायचं' एवढंच सांग आणि ओलं फडकं घेऊन दोघी मिळून भिंत पुसा, मुलांना ते काम फार आवडतं.